जुनी मोटार, कोटींचे मोल

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर शिरसाड फाटा लागतो. तेथून अंबाडीच्या दिशेने वळले की मांडवी, चांदीप, पारोल ही गावे ओळीने येतात. एका अंगाला तुंगारेश्वरची डोंगररांग, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे आणि मध्ये गावाची वस्ती. वसई-विरारच्या गजबजाटापासून थोडे दूर असलेल्या अशा गावांतून भंगारवाल्याचा टेम्पो नित्यनेमाने फिरत असतो. फुटकी बादली, गंजलेला पत्रा, बिघडलेला पंखा, मोडकी सायकल अशी त्याची कमाई असते. एखाद्या घराच्या पडवीला ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी मोटारही कधीतरी त्याच्या नजरेस पडते. मग तो चाकांकडे पाहतो, बॉनेटवर दोन टिचक्या मारतो आणि किलोचा भाव सांगतो. फियाटसारख्या लहान मोटारीचे वजन नऊशे किलोच्या आसपास भरते. हिशेब दोन मिनिटांत आटोपतो आणि मालकाच्या हातात काही हजार रुपये पडतात.

त्याच लोखंडाला, त्याच काचेला आणि त्याच रबराला जगाच्या दुसऱ्या टोकाला अकराशे कोटी रुपये मोजले गेले आहेत. लोखंड दोन्हीकडे सारखेच. मग भंगारवाल्याच्या काट्यावर न दिसणारे असे काय आहे, ज्यासाठी अतिश्रीमंत माणसे एवढी प्रचंड रक्कम मोजतात? ही केवळ पैशाची मिजास आहे, की त्यामागे काही समजून घेण्याजोगे कारणही आहे?

अकराशे कोटींची मोटार

५ मे २०२२ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे मर्सिडीज-बेंझच्या संग्रहालयात एक खासगी लिलाव झाला. निमंत्रण मोजक्याच लोकांना होते. विक्रीस ठेवलेली मोटार होती १९५५ सालची '३०० एसएलआर उहलेनहाउट कूपे'. तिला किंमत मिळाली साडेतेरा कोटी युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे अकराशे कोटी रुपये. मोटारीच्या लिलावात तोवर एवढी रक्कम कधीही मिळाली नव्हती.

या मोटारीच्या केवळ दोन प्रती घडवण्यात आल्या होत्या. रुडॉल्फ उहलेनहाउट हे कंपनीचे अभियंते. शर्यतीच्या मोटारीला छप्पर चढवून ही आवृत्ती तयार करण्यात आली आणि तिला त्यांचेच नाव लाभले. परंतु ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल माँच्या शर्यतीत मोटारविश्वातील सर्वांत भीषण दुर्घटना घडली. मर्सिडीजचीच एक मोटार प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या वर्षानंतर कंपनीने शर्यतींतून माघार घेतली. ज्या कामासाठी ही मोटार घडवली होती, ते काम तिच्या वाट्याला आलेच नाही. उहलेनहाउट ती आपल्या कामासाठी रस्त्यावरून फिरवीत. पुढे ती कंपनीच्या संग्रही गेली आणि जवळजवळ सात दशके तेथेच राहिली.

ही हकीगत कळल्यावर किमतीचे कोडे थोडेसे उलगडते. घेणाऱ्याने वाहन घेतले हे खरे. परंतु त्या वाहनाबरोबर एक शोकांतिका, एका अभियंत्याची प्रतिभा आणि एका युगाचा अंत या तिन्ही गोष्टी त्याच्याकडे आल्या. त्या पुन्हा कोणत्याही कारखान्यात घडवता येणार नाहीत. या विक्रीतून आलेली रक्कम तरुणांच्या शिष्यवृत्त्यांसाठी एका निधीत ठेवण्याचे कंपनीने जाहीर केले आणि विशेष प्रसंगी ही मोटार लोकांना पाहण्यास उपलब्ध राहील, हेही खरेदीच्या वेळी ठरले.

दुर्मीळता कशी जन्मते

दुर्मीळ वस्तूला किंमत येते, हे सराफाच्या पेढीवर वाढलेल्या मुलालाही ठाऊक असते. मोटारींच्या बाबतीत मात्र दुर्मीळता दोन वाटांनी येते. काही मोटारी जन्मतःच मोजक्या असतात. इटलीच्या फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात '२५० जीटीओ' या नावाच्या अवघ्या ३६ मोटारी बनवल्या. त्या वेळी अमेरिकेत तिची किंमत अठरा हजार डॉलरांच्या घरात होती आणि पैसे असले तरी ती प्रत्येकाला मिळत नसे. गिऱ्हाइकाला एन्झो फेरारी यांची पसंती मिळवावी लागे. काही वर्षांनी शर्यतीत ती मागे पडली आणि जुन्या बाजारात काही हजार डॉलरांना मिळू लागली. त्या काळी तिला कोणी 'अमोल' म्हटले असते तर लोक हसले असते. २०१८ मध्ये तिची एक प्रत चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलरांना आणि २०२३ मध्ये दुसरी एक प्रत पाच कोटी सतरा लाख डॉलरांना लिलावात विकली गेली.

दुसरी वाट आपल्या अधिक परिचयाची आहे. वस्तू हजारोंनी असते, रोज डोळ्यांसमोर असते. म्हणूनच तिची कोणी कदर करीत नाही आणि एके दिवशी ती दिसेनाशी होते. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी हे त्याचे ठळक उदाहरण. या मोटारीचे मूळ सोलापूरच्या एका दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या स्वप्नात आहे. भारतीय माणसाने भारतात मोटार बनवावी, हा ध्यास त्यांनी परकीय सरकारच्या उदासीनतेला तोंड देत जपला. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ साली, देश स्वतंत्र होत असताना, कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. वालचंद १९५३ मध्ये निवर्तले. पुढे इटलीच्या फियाटशी झालेल्या सहकार्यातून याच कारखान्यात फियाट ११०० बनू लागली आणि सत्तरच्या दशकात ती 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घरोघर पोहोचली.

एके काळी ही मोटार मिळवण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. लग्नाची वरात, देवदर्शन, प्रसूतीसाठी रात्री केलेली धावपळ, पहिल्या पगाराचे पेढे घेऊन गावी जाणे, अशा मध्यमवर्गाच्या कितीतरी आठवणी तिच्या मागच्या बाकावर बसलेल्या आहेत. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची निवृत्त झाली. त्या दिवशी कित्येकांनी हळहळ व्यक्त केली. पण तोपर्यंत हजारो पद्मिनी कापून, वितळवून संपल्या होत्या. दुर्मीळता बहुधा अशीच, आपल्या दुर्लक्षातून जन्म घेते.

कागद, क्रमांक आणि धूळ

मोटार दुर्मीळ असली म्हणून तिचे मोल आपोआप वाढत नाही. जाणकार संग्राहक मोटारीचा रंग पाहण्याआधी तिचे कागद पाहतो. चासीवर कोरलेला क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक कारखान्याच्या नोंदवहीशी जुळतो का? पहिला मालक कोण? मधल्या काळात ती कोणाकोणाकडे होती? अपघात झाला होता का? पत्रा मूळचा आहे की बदललेला? नोंदणीपुस्तक, दुरुस्तीच्या पावत्या, जुनी छायाचित्रे आणि विम्याचे कागद हे सारे मोटारीची वंशावळ सांगतात. कुठे खंड पडला की किमतीला तडा जातो. इंजिन मूळचे नसेल तर तीच मोटार, तोच रंग, तेच रूप असूनही भाव कितीतरी उतरतो. जुन्या हस्तलिखिताच्या बाबतीत लेखनकाल, लिपिकाराचे नाव आणि भांडाराची नोंद यांना जे महत्त्व, तेच येथे या कागदांना.

म्हणूनच कधीकधी चकचकीत मोटारीपेक्षा धुळीने माखलेली मोटार अधिक मोलाची ठरते. पश्चिम फ्रान्समधील बायों नावाच्या एका वाहतूक व्यावसायिकाने पन्नास-साठच्या दशकांत मोटारींचे संग्रहालय उभारण्याच्या इच्छेने अनेक मोटारी गोळा केल्या होत्या. व्यवसाय बुडाला, स्वप्न मागे पडले आणि मोटारी शेतावरच्या शेडमध्ये उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. त्यांतील एक फेरारी जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली गाडली गेली होती. फ्रेंच अभिनेता अलाँ दलाँ याच्या वापरात ती एकेकाळी होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला त्या साऱ्या मोटारींचा लिलाव झाला. त्या वेळी या फेरारीवरची धूळही पुसण्यात आली नव्हती. तिला एक कोटी साठ लाख युरोंहून अधिक किंमत आली. ती धूळ म्हणजे मोटारीला कोणी हात लावलेला नाही याचा पुरावा होता.

'कोणाची होती?' या प्रश्नाचे बळ किती, हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याचे उद्योगपती योहान पूनावाला यांच्या संग्रहात अनेक जुन्या रोल्स-रॉइस आहेत. २०२४ मध्ये त्यांनी २०१६ सालची एक रेंज रोव्हर घेतली. मोटार जुनी नव्हे आणि तशा प्रकारची एकमेवही नव्हे. परंतु ती ब्रिटनच्या महाराणी एलिझाबेथ यांच्या वापरातील होती आणि २०१६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा व त्यांच्या पत्नी विंडसरला आले असता याच मोटारीतून त्यांना नेण्यात आले होते. मोटारीचा मूळ नोंदणीक्रमांकही तिच्याबरोबर कायम राहिला. तशाच दुसऱ्या रेंज रोव्हरला हा मान मिळणार नाही.

संस्थानांची वैभवयाने

मोल ओळखण्यात उशीर झाला की काय होते, हे सर्वांत कटुपणे सांगू शकेल असा देश आपलाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत पहिल्या मोटारी आल्या. आरंभीच्या मालकांत जमशेटजी टाटा यांचे नाव घेतले जाते. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत भारतीय संस्थानिक हे जगातील आलिशान मोटारींचे मोठे गिऱ्हाईक बनले. कोणाला शिकारीसाठी उघडी मोटार हवी, कोणाला पडदानशीन राणीवशासाठी काळ्या काचांची, कोणाला मिरवणुकीसाठी चांदीच्या मुलाम्याची. सांगाडा आणि इंजिन एका कंपनीचे, तर त्यावरची बैठक मालकाच्या मर्जीनुसार दुसऱ्या कारागिराने घडवलेली. त्यामुळे अशी प्रत्येक मोटार जगात एकुलती एक.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. १९७१ मध्ये तनखे बंद झाले. राजवाड्यांचा खर्च झेपेनासा झाला, इंधनाची आणि सुट्या भागांची टंचाई होती आणि लिटरमागे दोन-तीन किलोमीटर चालणारी ही धूडे कोणालाच नकोशी झाली. काही गोठ्यांत उभी राहून सडली, काही भंगारात गेली, काही परदेशी व्यापाऱ्यांनी अत्यल्प किमतीत उचलून जहाजावर चढवली. पुढे सरकारने जुन्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. परंतु तोपर्यंत बरेच काही निघून गेले होते.

राजकोटच्या ठाकोरसाहेबांसाठी १९३४ मध्ये घडवलेली 'स्टार ऑफ इंडिया' नावाची केशरी रंगाची रोल्स-रॉइस अशीच १९६८ च्या सुमारास देशाबाहेर गेली. २०१० मध्ये मोनाको येथे तिचा लिलाव झाला, तेव्हा राजकोटच्याच घराण्यातील नातवाने लाखो युरो मोजून ती परत मिळवली. आजोबांच्या दारातून गेलेली वस्तू नातवाने पुन्हा दारात आणली. या खरेदीला नुसती चैन म्हणणे कठीण आहे. घरातला गहाण पडलेला दागिना सोडवून आणताना गृहिणीच्या मनात जे असते, त्याच जातीची ही भावना.

याच्या उलट चित्र कोल्हापुरात पाहायला मिळते. तेथील छत्रपती घराण्याकडे जर्मन बनावटीची जुनी मेबॅक मोटार आजही जपलेली आहे. विजयादशमीच्या दिवशी सीमोल्लंघनासाठी छत्रपती दसरा चौकात येतात ते याच मोटारीतून. सोने लुटायला जमलेली कोल्हापूरची आबालवृद्ध माणसे ती डोळे भरून पाहतात. एरवी मेबॅकचे नाव न ऐकलेला शेतकरीही 'महाराजांची मेबॅक' ओळखतो. लिलावात तिला किती मिळतील, हा प्रश्न तेथे कोणाच्या मनात येत नाही, कारण ती एका उत्सवाचा भाग झाली आहे.

संग्राहकाचे मन

तरीही जगभरच्या लिलावांत हात वर करणारी माणसे नेमकी कशासाठी पैसे मोजतात? कारणे एकापेक्षा अधिक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली असतात.

पहिले कारण बालपण. वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी भिंतीवर लावलेले चित्र माणूस विसरत नाही. पन्नाशीत पैसा हाती आला की तो त्या चित्रातील मोटार शोधू लागतो. म्हणूनच प्रत्येक पिढीची 'स्वप्नमोटार' वेगळी असते. महायुद्धापूर्वीच्या काही मोटारींची मागणी ओसरते आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांतील मोटारींचे भाव चढतात, त्याचे कारण यांत्रिक कमी आणि वयाचे अधिक आहे.

दुसरे कारण प्रवेशाचा परवाना. अमेरिकेतील पेबल बीच येथे १९५० पासून भरणाऱ्या सौंदर्यस्पर्धेत किंवा इटलीतील मिले मिलियाच्या ऐतिहासिक फेरीत पैसे भरून कोणालाही उतरता येत नाही. मिले मिलियासाठी तर १९२७ ते १९५७ या काळातील मूळ शर्यतीत धावलेल्या प्रकारचीच मोटार लागते. अशी मोटार असणे म्हणजे एका छोट्या, जगभर विखुरलेल्या मंडळींत स्थान मिळणे. धनवान माणसाला पैशाने सहसा न मिळणारी गोष्ट म्हणजे बरोबरीच्या माणसांची दाद. ती येथे मिळते.

तिसरे कारण गुंतवणूक. शेअर कागदावर असतो, सोने तिजोरीत असते. मोटार मात्र पाहता येते, चालवता येते, दाखवता येते आणि पुढे विकताही येते. परंतु या कारणावर विसंबणाऱ्यांनी इतिहास विसरू नये. १९८८ मध्ये एन्झो फेरारी यांचे निधन झाल्यावर सट्टेबाजांनी किमती आकाशाला भिडवल्या आणि नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी तो फुगा फुटला. कर्ज काढून मोटारी घेतलेल्यांचे दिवाळे वाजले. शिवाय जुनी मोटार बसल्या जागी पैसा खाते: जागा, विमा, हवामानाची निगा, परदेशातून मागवावे लागणारे सुटे भाग. अशा मोटारीच्या पुनरुज्जीवनाचा खर्च तिच्या खरेदीच्या किमतीहून अधिक झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

चौथे कारण सर्वांत सूक्ष्म आहे. ही यंत्रे हातांनी घडलेली आहेत. लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून वळवणारा कारागीर, कातड्याचे टाके घालणारा शिवणकाम करणारा, कानाने इंजिनाचा ताल ओळखणारा मिस्त्री, या सर्वांची कला त्यांत साठलेली आहे. आज ती कला जाणणारी माणसेही दुर्मीळ होत चालली आहेत. मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांतील जुन्या गॅरेजांत एखादा वयस्क मिस्त्री अजून हाताने कार्बोरेटर जुळवतो, नसलेला भाग लेथवर घडवतो. श्रीमंत संग्राहकाच्या पैशातून अशा माणसाचे घर चालते आणि त्याची विद्या एखाद्या शिकाऊ मुलापर्यंत पोहोचते, हेही या हिशेबात धरले पाहिजे.

लोकांनी टाकले ते ज्यांनी उचलले

संस्थानिकांच्या मोटारी मातीमोलाने जात होत्या, त्या काळात मुंबईच्या गिरणीमालक घराण्यातील प्राणलाल भोगीलाल यांनी त्या गोळा करण्यास सुरुवात केली. रोल्स-रॉइस, बेंटली, डेमलर, लगोंडा, पॅकार्ड, कॅडिलॅक अशा मोटारी त्यांनी देशभरातून मिळवल्या. दशकानुदशके हा व्यासंग चालला. त्यातून अहमदाबादजवळ कठवाडा येथील दास्तान परिसरात 'ऑटो वर्ल्ड' हे संग्रहालय उभे राहिले. तेथे शंभराहून अधिक मोटारी मांडलेल्या आहेत. जुन्या बग्ग्या आणि दुचाकीही आहेत. माफक शुल्क देऊन सामान्य माणूस त्या पाहू शकतो आणि त्यांतील काही मोटारींतून फेरफटकाही मारू शकतो. भोगीलाल आज हयात नाहीत. परंतु सुट्टीत आईवडिलांबरोबर आलेली मुले अजूनही तेथे त्या लांबलचक बॉनेटांसमोर तोंडाचा आ वासून उभी राहतात.

चांदीपच्या जवळून जाणारा महामार्ग मुंबई आणि अहमदाबाद या दोन शहरांना जोडतो, त्याच दोन शहरांमध्ये ही कथा घडली. याच महामार्गाच्या कडेने चातुर्मासाखेरीज साधू-साध्वीजी अनवाणी विहार करीत जाताना दिसतात. एकीकडे पायातले पादत्राणही न ठेवणारा त्याग आणि दुसरीकडे शेकडो मोटारींचा संग्रह. हा विरोध कोणाही श्रावकाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. परिग्रहाचा विचार करताना आपल्या परंपरेने वस्तूपेक्षा वस्तूवरच्या आसक्तीकडे अधिक लक्ष वेधले आहे. या कसोटीवर संग्राहकांचे दोन प्रकार सहज वेगळे होतात. एक जण मोटार विकत घेतो आणि कुलूपबंद गोदामात ठेवतो. ती कोणाला दिसत नाही, रस्त्यावर धावत नाही, फक्त भाव वाढण्याची वाट पाहत उभी असते. दुसरा ती दुरुस्त करतो, चालती ठेवतो, दहा माणसांना दाखवतो आणि आपल्यामागे ती टिकावी म्हणून व्यवस्था लावून जातो. पहिल्याकडे नुसती मालकी आहे. दुसऱ्याच्या हातून विश्वस्ताचे काम घडते. मोजलेली रक्कम दोघांची सारखीच असेल. समाजाच्या पदरात पडलेले मात्र सारखे नसते.

कायद्यानेही आता या विश्वस्तपणाची थोडी दखल घेतली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय केली. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकाच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे. अशी मोटार प्रदर्शन, फेरी, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे वा दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वा व्यापारी वापरासाठी नाही. जुने वाहन म्हणजे केवळ मोडीत काढायची वस्तू, ही समजूत निदान कागदावर तरी बदलली आहे.

बारा हजारांची फियाट

हिशेब पूर्ण करायचा तर आणखी एका मोटारीची आठवण काढायला हवी. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्या कुटुंबाकडे स्वतःची मोटार नव्हती. मुलांच्या आग्रहावरून मोटार घेण्याचे ठरले. फियाटची किंमत होती बारा हजार रुपये. खात्यात होते सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी देशाच्या पंतप्रधानाने पंजाब नॅशनल बँकेकडे रीतसर कर्जाचा अर्ज केला. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते कर्ज फिटलेले नव्हते. त्यांच्या पत्नी ललितादेवी यांनी आपल्या निवृत्तिवेतनातून ते फेडले. ती फियाट आज दिल्लीतील शास्त्रीजींच्या स्मारकात उभी आहे. ती वालचंदांनी उभारलेल्या कारखान्यातली. तिच्यासारख्या हजारो मोटारी देशात झाल्या आणि भंगारात गेल्या.

उहलेनहाउट कूपेच्या केवळ दोन प्रती असल्याने तिला अकराशे कोटी आले. शास्त्रीजींची फियाट मुळात दुर्मीळ नव्हती. ज्या सचोटीने ती घेतली आणि ज्या सचोटीने तिचे कर्ज फेडले गेले, त्या सचोटीने तिला एकमेव केले. सुदैवाने कोणीतरी ती वेळीच जपली.

प्रत्येक घरात रोल्स-रॉइस नसते. परंतु आजोबांची राजदूत, वडिलांची लॅम्ब्रेटा, मामांची पद्मिनी, निदान तिचे नोंदणीपुस्तक आणि तिच्यापुढे उभे राहून काढलेले कुटुंबाचे छायाचित्र बहुतेक घरांत असते. ती कोणत्या साली घेतली, पैसे कसे जमवले, पहिल्यांदा तीत बसून कोठे गेलो, हे सांगणारी माणसेही अजून घरात आहेत. शिरसाड-अंबाडी रस्त्यावरच्या एखाद्या पडवीत ताडपत्री उचलून भंगारवाला पुन्हा भाव सांगेल, तेव्हा काटा लावण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांना एवढे विचारून ते वहीत उतरवून घ्यावे. मोटार ठेवायची की द्यायची, हे त्यानंतरही ठरवता येईल.